पांढरा रुमाल

निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. आमच्या मराठी मंडळीतल्या एका काकांचा व्हॉट्सॲप होता. "सलाम ताई. येत्या तिसऱ्या रविवारी तरुणांचा तास तुम्ही घ्याल का? विषय : डेटिंग, मैत्री आणि शुद्धता. मुलं हल्ली फार पुढे गेली आहेत. बाईमाणसाने सांगितलं तर मुली ऐकतील."

पिठाच्या बोटाने मी 'हो' टाकलं. मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. 'मुली ऐकतील.' मुलांनी काय करायचं, ते निरोपात नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली.

आम्हाला होसकोट्यात येऊन वीस वर्षं झाली. कन्नडमध्ये 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे किल्ला. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत होसकोटेही होतं, ही गोष्ट इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला आधी आलेला मराठी माणूस पहिल्या चहालाच सांगतो. आम्ही आलो ते पगारासाठी. नगरच्या एमआयडीसीतलं काम सुटल्यावर माझे पती २००४ साली इथल्या औद्योगिक वसाहतीत लागले. मी एका पॅकिंगच्या युनिटमध्ये हिशेब बघते. जुन्या मद्रास रस्त्यावरून रात्रभर ट्रक जातात, रविवारी पहाटे चार वाजता बिर्याणीसाठी बंगळुराहून गाड्या येतात, आणि आमची मुलगी रोज बसने व्हाइटफील्डला नोकरीला जाते. ती बावीस वर्षांची आहे.

इथे नगर, जालना, सोलापूर, मिरज, बेळगाव अशा ठिकाणांहून आलेली आठ-नऊ ख्रिस्ती घरं आहेत. रविवारी सकाळी जो तो आपल्या सोयीच्या चर्चला जातो, कुणी इंग्रजी उपासनेला, कुणी कन्नड, कुणी तमिळ. पण महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता कुणाच्या तरी गच्चीवर मराठी भजन असतं. पेटी, तबला, झांजा, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं, शेवटी चहा-पोहे. मुलं टिळकांची पदं मोबाइलवर रोमन लिपीत लिहून घेतात आणि गातात. उच्चार चुकतात, सूर चुकत नाही.

या मुलांना मी शुद्धतेबद्दल सांगायचं होतं. तो तास कसा असतो ते मला ठाऊक होतं. मी तो सोळाव्या वर्षी बसून ऐकलेला आहे.

१९८९ सालची गोष्ट. नगर जिल्ह्यातलं एक गाव, त्याचं नाव सांगत नाही. तरुण संघाच्या मेळाव्याला बाहेरगावचे एक वक्ते आले होते. त्यांनी खिशातून कडक इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला आणि पहिल्या रांगेतल्या मुलाच्या हातात दिला. "हा पुढे द्या." मुलं नुकतीच व्हॉलीबॉल खेळून आली होती. रुमाल त्यांच्या तीन रांगांतून फिरून आम्हा मुलींकडे आला आणि शेवटी माझ्याकडे. वक्त्यांनी तो उंच धरायला सांगितला. चुरगळलेला होता, बोटांचे मातकट ठसे होते. "मुलींनो, असा रुमाल कुणी खिशात ठेवील का?" सगळ्या मुली खाली बघायला लागल्या. मी हात वर करून उभी होते, म्हणून मला खाली बघता आलं नाही. मला समोरची मुलं दिसत होती. त्यातले काही आपले हात विजारीला पुसत होते.

तास संपल्यावर वक्ते मला म्हणाले, "बाळ, धुऊन आण." मी घरी नेला, साबण लावला, नीळ घातली, तारेवर वाळत टाकला. संध्याकाळपर्यंत तो पहिल्यासारखा पांढरा झाला. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि ते एसटीने निघून गेले.

हात कुणाचे मळलेले होते आणि जाब कुणाला विचारला, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. रुमाल धुतला की स्वच्छ होतो, हेही कुणी बोललं नाही. ज्या धर्मात येण्याचा विधीच पाण्याचा आहे, त्या धर्माच्या तासाला ही एवढी गोष्ट राहून गेली होती.

तीन वर्षांनी माझीच पाळी आली. आमच्या क्वायरमध्ये पेटी वाजवणारा एक मुलगा होता. त्याला वाचायची आवड, मलाही. त्याने मला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचायला दिलं. पुस्तक परत करताना मी आत चिठ्ठी ठेवली, कुठलं प्रकरण वाचून हसले, कुठे रडले ते लिहिलं. त्याने दुसरं पुस्तक दिलं, त्यातही चिठ्ठी होती. असं वर्षभर चाललं. आम्ही एकदाही एकटे भेटलो नाही. तो मला आवडत होता का? होय. मी त्याला आवडत होते का? मला वाटतं, होय. पण चिठ्ठ्यांत ते कुठेच नव्हतं. चिठ्ठ्यांत पुस्तकं होती.

एक चिठ्ठी कुणाच्या तरी हाती लागली. पंचांपुढे ती वाचली गेली. मला बोलावलं, वडिलांना बोलावलं. एका पंचांनी विचारलं, "हात धरला होता का?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. वडील खिडकीबाहेर बघत होते. ठरलं असं की मी तीन महिने क्वायरमध्ये गायचं नाही. त्या मुलाला काही शिक्षा झाली नाही, कारण पेटी वाजवणारा दुसरा कुणी नव्हता. पुढच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसले आणि तो पुढे पेटी वाजवत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. तीन महिन्यांत एका शब्दानेही तो कुणाला म्हणाला नाही की चिठ्ठ्या दोघांच्या होत्या.

मी या गोष्टीवर बत्तीस वर्षं विचार केला आहे. त्यात अशुद्ध काय होतं? चिठ्ठ्या नव्हत्या. ते न बोलणं होतं. मैत्रीण संकटात असताना तिला ओळख न दाखवणं, एवढं एकच पाप त्या सगळ्या प्रकरणात झालं. त्याची चौकशी मात्र कोणी केली नाही.

आता वय झाल्यावर मला त्या पंचांचंही थोडं समजतं. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. मुलींच्या शाळा निघाल्या, मुली घराबाहेर पडून शिकू लागल्या. गावाने त्यांना काय काय म्हटलं असेल, याची कल्पना करता येते. बाटलेल्यांच्या पोरी, कुणाशीही बोलतात, कुणाबरोबरही हिंडतात. मला वाटतं, त्या बोलण्याच्या धाकाने आमच्या वाडवडिलांनी मुलींभोवती शेजाऱ्यांपेक्षा उंच कुंपण घातलं. कुंपण भीतीचं होतं, पुढे त्याला पवित्र शास्त्राचा रंग दिला गेला.

कारण शास्त्र उघडून बघावं तर वेगळंच दिसतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू वाईट नजरेबद्दल बोलतो, तेव्हा तो बाईच्या पदराबद्दल एक शब्द काढत नाही. बघणाऱ्याला तो त्याच्या स्वतःच्या डोळ्याचा बंदोबस्त करायला सांगतो, आणि तोही फार कडक शब्दांत. योहानाच्या चौथ्या अध्यायात तो भरदुपारी विहिरीवर एका परक्या जातीच्या बाईशी बोलत बसतो. तिला पाच नवरे होऊन गेलेले. शिष्य परत येतात आणि चकित होतात, पण विचारायचं धाडस करत नाहीत. त्या बाईशी तो धर्मातल्या मोठ्या प्रश्नांवर बोलतो, तिचं आयुष्य तिच्यापुढे स्वच्छ मांडतो आणि तिला हिणवत नाही. पौल तरुण तीमथ्याला सांगतो की तरुण स्त्रियांशी बहिणींशी वागावं तसं पूर्ण शुद्धपणे वाग. लक्षात घ्या, शुद्ध राहायची आज्ञा इथे पुरुषाला आहे, आणि ती दूर राहायची आज्ञा नाही. बहिणीपासून कुणी दूर राहत नाही.

आणि आमच्याच मराठी ख्रिस्ती इतिहासातली माणसं पाहिली तर ती काचेच्या बरणीत ठेवलेली नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी स्वतःच्या पसंतीने, सिव्हिल पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. दोघंही तेव्हा ख्रिस्ती नव्हते. दोन वर्षं होतात न होतात तोच तो कॉलऱ्याने गेला. रमाबाईंचा बाप्तिस्मा पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 'कृपासदन' उभं केलं. समाज ज्या बायकांना 'पतित' म्हणून दारातूनही आत घेत नव्हता, त्यांच्यासाठी ते घर होतं. नावात 'कृपा' आहे. 'सुधार' नाही, 'शुद्धी' नाही.

टिळक आणि लक्ष्मीबाईंचं तर उलटंच. लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या असताना लग्न झालं, पसंतीचा प्रश्नच नव्हता. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि दोघांची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत त्यांच्याकडे आल्या आणि पुढे स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे'त भांडणं आहेत, रुसवे आहेत, टिळकांचा विसरभोळा आणि तापट स्वभाव आहे. मला त्या पुस्तकात दिसते ती लग्नानंतर, फार उशिरा आणि फार कष्टाने जुळलेली मैत्री. टिळकांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पूर्ण केलं. अपुरं काम दुसऱ्याने हाती घ्यावं असं ते नातं होतं. आजची मुलं ती मैत्री लग्नाआधी शोधू पाहतात. यात बिघडलं काय?

हे सगळं मी एका वहीत लिहून काढलं. तास चांगला होईल असं वाटलं. पण शनिवारी संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, तळ्यावर येतेस?" आणि माझी वही बाजूला राहिली.

होसकोट्याचं तळं मोठं आहे. बांधावर संध्याकाळी वारा असतो. आम्ही चालत होतो. ती म्हणाली, "ऑफिसात एक मुलगा आहे. तमिळ आहे. चर्चला जातो. आम्ही सहा महिने बोलतोय. मला तो आवडतो."

माझ्या तोंडात जो प्रश्न आला तो मी दातांनी धरून ठेवला. तो तोच प्रश्न होता. हात धरला का? बत्तीस वर्षं मी त्या पंचांना मनातल्या मनात नावं ठेवत आले, आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडी त्यांचाच प्रश्न, त्यांच्याच शब्दांत तयार होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. "विचार ना, जे विचारायचंय ते."

मी म्हटलं, "तुम्ही कधी भांडलात का?"

तिला हे अपेक्षित नव्हतं. "दोनदा."

"मग कोण आधी बोललं?"

"एकदा तो. एकदा मी."

"त्याची चूक असेल तर चारचौघांत कबूल करतो का?"

ती थोडा वेळ गप्प चालली. मग तिने एक प्रसंग सांगितला. कामात एक चूक दोघांची झाली होती. वरिष्ठांनी तिला बोलावलं, तेव्हा तो न बोलावता आत गेला आणि म्हणाला, यात मीही होतो. ती हे सहज सांगत होती. तिला कळलं नाही की मी का थांबले, का पाण्याकडे बघत राहिले.

"आई, काय झालं?"

मी तिला पेटीवाल्या मुलाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. बांधावर बसून, सगळी. ती ऐकून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "पप्पांना माहीत आहे?"

"नाही."

"मग उद्या तू आम्हाला काय सांगणार?"

ती रागावून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी यांना म्हटलं, "अहो, एक सांगायचंय." सांगताना माझा आवाज कापत होता. एकावन्न वर्षांच्या बाईने चिठ्ठ्यांची गोष्ट सांगताना एवढं घाबरावं, याचं मलाच हसू येत होतं आणि रडूही. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

लग्न ठरलं तेव्हाच कुणीतरी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं. आमच्याकडे अशी बातमी पायी चालत जात नाही. माझ्या सासऱ्यांनी त्या माणसाला चहा दिला आणि विचारलं, "मुलगी खोटं बोलली का?" तो म्हणाला, नाही, खोटं नाही बोलली. "मग झालं," सासरे म्हणाले.

"तुम्ही मला कधी बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

मला आधी बरं वाटलं आणि मग राग आला. १९९८ पासून मी एक ओझं वाहत होते आणि ते ओझं आहे हे शेजारी झोपणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. त्यांनी दयेने मौन धरलं, मी भीतीने. पण मौन ते मौनच. मी तसं म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चुकलं माझं." लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर आम्ही त्या रात्री दोन वाजेपर्यंत बोलत बसलो. ट्रक जात होते.

रविवारी गच्चीवर अकरा जण होते, सहा मुली, पाच मुलगे. मी मुलामुलींना वेगळं बसवलं नाही. माझी लेकही होती. वही मी उघडली नाही. एक स्टीलचा डबा ठेवला आणि म्हटलं, नाव न घालता प्रश्न लिहून टाका, मराठीत, इंग्रजीत, कन्नडमध्ये, कसेही. आधी मी रुमालाची गोष्ट सांगितली. हात पुसणाऱ्या मुलांचं सांगितलं तेव्हा एक मुलगा हसला आणि मग हसायचा थांबला.

पहिली चिठ्ठी अपेक्षेप्रमाणे होती : कुठपर्यंत चालतं?

मी आडवळणं घेतली नाहीत. म्हटलं, शरीरसंबंध लग्नात, लग्नाबाहेर नाही, हे मंडळी मानते आणि मीही मानते. पण कारण समजून घ्या. देह हा सगळ्यात मोठा शब्द आहे. माणूस देहाने म्हणतो, मी सगळा तुझा. हे तोंडाने म्हणायची, चारचौघांसमोर म्हणायची तयारी नसेल तर देहाने म्हणू नये, कारण ते खोटं होतं. आपल्याकडे लग्नाआधी चर्चमध्ये पुकार होते. तीन रविवार नावं वाचली जातात, कुणाची हरकत असेल तर त्याने बोलावं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही लग्नाची लेखी सूचना आधी द्यावी लागते, आणि ती लोकांना दिसेल अशी लावली जाते. मागचा विचार एकच, हे नातं उजेडात असू दे. तर 'कुठपर्यंत' असं विचारण्याऐवजी विचारा की मी जे करतोय ते उजेडात टिकेल का? आणि दुसऱ्याने नाही म्हटलं तर ते नाहीच. अर्धं नाही, लाजून नाही, असं काही नसतं.

दुसरी चिठ्ठी : ख्रिस्ती नसलेल्या मुलीशी मैत्री केली तर?

करा की, मी म्हटलं. पण मैत्रीचा गळ करू नका. तिला चर्चला आणायचं म्हणून प्रेम दाखवणं हाही अशुद्धपणाच आहे. आणि लग्नापर्यंत गोष्ट जाणार असेल तर विश्वासाचं काय, मुलांना काय शिकवणार, हे पहिल्या वर्षी बोला. पाचव्या वर्षी नाही.

तिसरी चिठ्ठी छोट्या अक्षरात होती : फोनवर नको ते बघायची सवय लागलीय, सुटत नाही. वाचताना मी कुणाकडेही पाहिलं नाही. म्हटलं, ज्याने लिहिलं त्याने आज अर्धं काम केलं, कारण ही सवय अंधारात वाढते. एका विश्वासाच्या माणसाला सांग. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. पडलास तर ऊठ आणि पुन्हा सांग. पडद्यावरची बाईही कुणाची तरी लेक आहे, एवढं आठवत राहा.

चौथी चिठ्ठी मला वहीत सुचली नसती : ब्रेकअप ख्रिस्ती पद्धतीने कसा करायचा?

सगळे हसले. मी नाही हसले. हा त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, समोर बसून करा, मेसेजवर नको. कारण खरं सांगा. नंतर तिच्याबद्दल, त्याच्याबद्दल मित्रांत वाईट बोलू नका. तिने विश्वासाने पाठवलेले फोटो, मेसेज कुणालाही दाखवू नका, कधीच नाही. काढून टाका. आणि ती अडचणीत असेल, तिच्याविषयी कुणी खोटं बोलत असेल, तर नातं संपलेलं असलं तरी उभं राहून सांगा की हे खोटं आहे. एखाद्या मुलाची शुद्धता मोजायची तर इथे मोजावी.

हे बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण लेक माझ्याकडे बघत होती.

शेवटच्या चिठ्ठीत चारच शब्द होते : एकदा चुकलं असेल तर?

मी म्हटलं, रुमाल मी त्याच संध्याकाळी धुतला होता. साबण आणि नीळ. स्वच्छ झाला. ते सांगायचं राहिलंय म्हणून मी आज आले. तुम्ही रुमाल नाही, माणसं आहात. पण रुमालसुद्धा धुतला जातो. ज्याचं चुकलं त्याने चूक लपवू नये आणि आयुष्यभर मिरवूही नये. कबूल करावी, ज्याला दुखवलं त्याची माफी मागावी, आणि क्षमा मिळाली आहे असं मानून चालू लागावं. प्रभू क्षमा करतो हे आपण दर रविवारी म्हणतो. मग एखाद्या मुलीपुढे आलो की तेवढंच का विसरतो?

चहाच्या वेळी काका जवळ आले. "ताई, चांगलं बोललात. पण नियम सांगितले नाहीत."

"सांगितले की."

"म्हणजे किती वाजता घरी यायचं, कुणाबरोबर जायचं, असे..."

"ते घरोघरचे वेगळे असतात, काका."

त्यांना पटलं नाही. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं, हे मला आवडलं. त्यांना दोन नाती आहेत. त्यांची काळजी खोटी नाही. माझ्या वडिलांचीही खोटी नव्हती. पण खिडकीबाहेर बघण्याऐवजी ते त्या दिवशी माझ्याकडे बघते, तर तीन महिने मला सोपे गेले असते.

घरी येताना लेक म्हणाली, "त्याला एकदा घरी बोलावू?"

"बोलाव. पप्पांशीही बोल आधी."

"त्याला काय सांगू, कशाला बोलावलंय?"

"जेवायला. आणि सांग, आमच्याकडे भाकरी असते. सांबार मला अजून जमत नाही."

ती हसली. मग थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "तो पेटीवाला आता कुठे असतो?"

"माहीत नाही."

"भेटला तर काय म्हणशील?"

मी विचार केला. आधी मला त्याला जाब विचारायचा होता, कित्येक वर्षं. आता तो एकोणीस-वीस वर्षांचा घाबरलेला मुलगा होता एवढंच दिसतं. त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या हातात फक्त रुमाल दिला होता आणि म्हटलं होतं, पुढे दे.

"म्हणेन, तू दिलेलं पुस्तक फार चांगलं होतं," मी म्हटलं. "आणि मग विचारेन, तू का बोलला नाहीस? दोन्ही म्हणेन."